नॉर्मल बीपी नक्की किती? मशीन दरवेळी वेगळाच आकडा दाखवतंय (मदत हवी आहे)

मृण्मयी_स
घाईत लिहितेय. काल रात्री नऊ वाजता १४६/९२ आलं. दहा मिनिटांनी १३८/८८. पुन्हा लावलं तर १५१/९४! गेल्या महिन्यात दवाखान्यात १२८/८२ होतं, तेव्हा "ठीक आहे" म्हणाले होते. नेटवर एके ठिकाणी १२० च्या आत नॉर्मल, दुसरीकडे १४० पर्यंत चालतं. मशीन नवीन आहे, त्यामुळे बिघडलेलं नसावं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. यातला खरा आकडा कुठला? आणि गोळी सुरू करावी लागेल का? कुणीतरी लवकर सांगा.

निनाद_७१
वय किती? आधीची काही औषधं? मशीन दंडाचं की मनगटाचं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

आबा६८
ताई, घाबरू नका. आमचा हिशेब सोपा होता, शंभर अधिक वय. मी ६८ चा आहे, अर्धी गोळी घेतो, वरचा आकडा १६५ च्या आसपास असतो. काही त्रास नाही. वाटल्यास माझ्यासारखी अर्धी गोळी घेऊन बघा.

शलाका
आबा, राग मानू नका, पण तो हिशेब कधीच मोडीत निघालाय. वयाबरोबर धमन्या ताठर होतात आणि वरचा आकडा चढतो, हे खरं. पण बहुतेकांचा चढतो म्हणून चढलेला आकडा निरोगी ठरत नाही. आणि त्रास होत नाही, हीच तर बीपीची अडचण आहे. मेंदू, मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा यांच्यावर ताण पडत राहतो आणि आपल्याला काहीच जाणवत नाही. गोळी घेऊनही १६५ असेल तर तुम्ही याच आठवड्यात दाखवा, कळकळीने सांगते.

मृण्मयी, नेटवरचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त रेघ वेगवेगळ्या ठिकाणी ओढली आहे. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये १३०/८० पासून पुढे उच्च रक्तदाब धरला. १२०/८० च्या आत नॉर्मल. वरचा १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या आत असेल तर 'वाढलेला'. युरोपातल्या हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात उच्च रक्तदाबाची रेघ १४०/९० वरच आहे, पण १२०/७० पासून तिथपर्यंतच्या पट्ट्याला तेही 'वाढलेला'च म्हणतात. म्हणजे १३९ असलं की निर्धास्त राहा, असं कुणीच म्हणत नाही. धोका साधारण ११५/७५ च्या पुढे हळूहळू चढत जातो, रेघ ओलांडली की एकदम येतो असं नाही.

तेजू
माझा प्रश्न उलटा आहे. माझं ९६/६० असतं आणि पटकन उठलं की अंधारी येते. कॉफी प्यावी का?

मृण्मयी_स
अहो, माझं नाही, ह्यांचं बीपी! वय ५२. बीपीची गोळी नाही. मशीन दंडाचं. आता तरी सांगा, आज संध्याकाळी परत मोजू का?

सिस्टर_वृंदा
बाई, आधी हे सांगा की मोजलं कसं? कुठे बसले होते, हात कुठे होता, पट्टा कशावर बांधला? बरीच वर्षं वॉर्डात काढली आहेत. निम्म्या वेळा घोळ आकड्यात नसतो, मोजण्यात असतो.

मृण्मयी_स
पलंगाच्या कडेला बसले होते. जेवण होऊन अर्धा तासही झाला नसेल. पट्टा शर्टाच्या बाहीवरच बांधला, हात मांडीवर होता. त्यांचा एक फोन चालू होता, पण हात हलवला नाही. तिसऱ्या वेळी आमची थोडी बोलाचाली झाली.

सिस्टर_वृंदा
मग त्या तीन आकड्यांवर झोप घालवू नका. नीट मोजायचं ते असं. आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम काही नको, आणि भरल्या पोटी लगेच नको. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नको. पाच मिनिटं गप्प बसू द्या आणि मोजतानाही बोलू देऊ नका, बोलण्याने आकडा चांगलाच चढतो. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. हात हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला तर नुसत्या त्यानेच सातआठचा फरक पडतो. पट्टा उघड्या दंडावर.

आणि टेप घेऊन दंडाच्या मध्यावरचा घेर मोजा. पट्ट्यावर किती ते किती सेंटिमीटर छापलंय तेही सांगा.

आबांनी सांगितलेली अर्धी गोळी अजिबात देऊ नका. कुणाला कुठलं औषध हे मूत्रपिंड, साखर, नाडी बघून ठरतं. दुसऱ्याची गोळी म्हणजे दुसऱ्याचा चष्मा.

निनाद_७१
एवढे सोपस्कार लागत असतील तर ही डिजिटल यंत्रं काय कामाची? पाऱ्याचंच खरं. आजही एकक पाऱ्याचंच आहे ना?

शलाका
एकक पाऱ्याचं आहे कारण १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांनी दंडाला पट्टा आणि पाऱ्याची नळी जोडली. स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा ठरवायची रीत कोरोत्कोव्ह यांची, १९०५ ची. डिजिटल मशीन आवाज ऐकत नाही, पट्ट्यातल्या हवेची थरथर टिपतं. तपासून प्रमाणित केलेलं असेल तर घरी तेच बरं. हात लोंबता ठेवला तर पाऱ्याचं यंत्रही चुकीचंच दाखवणार.

निनाद_७१
नाडी अनियमित असणाऱ्यांचं काय? माझ्या वडिलांचं डिजिटलवर दरवेळी भलतंच येतं.

सिस्टर_वृंदा
तो मुद्दा मान्य. तिथे डॉक्टरांकडून हाताने मोजून घ्या.

तेजू, लहान चणीच्या निरोगी माणसाला ९६/६० चालतं, पण अंधारी येते तर बसून आणि मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर दाखवून घ्या. कॉफी हा त्यावरचा उपाय नाही.

मृण्मयी_स
दंडाचा घेर ३५ भरला. पट्ट्यावर २२ ते ३२ सेंमी लिहिलंय. म्हणजे लहान पडतोय?

सिस्टर_वृंदा
हो, लहान पट्टा आकडा फुगवतो. मोठा घ्या. मग सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. मध्येच १८०/१२० च्या वर गेलं आणि छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं असं काही दिसलं तर दुसरा आकडा घेत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

आणि "बीपीची गोळी नाही" म्हणालात, दुसरी कुठली गोळी चालू आहे का?

मृण्मयी_स
गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक. तीनेक महिने झाले, जवळपास रोजच. त्याचा काय संबंध?

शलाका
खूप संबंध आहे. या जातीची वेदनाशामकं अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्याने बीपी चढतं. मूत्रपिंडालाही जड. हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

मृण्मयी_स (नऊ दिवसांनी)
मोठा पट्टा आणला. २४ आकड्यांची सरासरी १३३/८६. १५० एकदाही दिसलं नाही!

आबा६८
झालं तर मग, नॉर्मल!

शलाका
आबा, खालचा आकडाही बघायचा असतो. दोन्हींतला जो वरच्या गटात जातो तोच धरतात. घरी मोजताना युरोपची रेघ १३५/८५ वर येते, आणि इथे खालचा ८६ आहे.

मृण्मयी_स
डॉक्टरही हेच म्हणाले. दोन्ही दंडांना मोजलं, वही पूर्ण वाचली. रक्त, लघवी, ईसीजी सांगितलाय. डायक्लोफेनॅक बंद करून गुडघ्यासाठी व्यायाम दिलेत. वरून मीठ बंद, दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत. महिन्याने पुन्हा सात दिवसांची वही घेऊन जायचं, गोळीचं तेव्हा ठरेल. वृंदाताई, तुम्ही टेप घ्यायला लावलीत म्हणून हे कळलं. आता मोजताना ह्यांचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवते.

आबा६८
वृंदाताई, माझा दंड २९ भरला. पट्टा बरोबर आहे. आज नीट बसून मोजलं, १६२/७८. उद्या सकाळची वेळ घेतली आहे.