पतधोरण समितीच्या इतिवृत्तांवर पीएचडी : फिनबर्ट थेट लावू का?

अश्विनी_वाणिज्य :
नमस्कार. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचा (व्याजदर ठरवणाऱ्या समितीचा) सूर कडक होता (दर चढे ठेवण्याकडे कल) की मवाळ (दर उतरवण्याकडे), हे इतिवृत्तांतून मशीन लर्निंगनं मोजायचं आणि १० वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या यील्डशी (बाजारभावानं मिळणाऱ्या परताव्याशी) जोडायचं, असा माझा विषय आहे. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या बैठकीपासूनची इतिवृत्तं उतरवून घेतली आहेत. मार्गदर्शक म्हणतात, फिनबर्ट (आर्थिक मजकुराचा सूर ओळखणारं भाषा-मॉडेल) तयारच आहे, तेच लावा. मला पायथॉन कामापुरतं येतं. वाक्यांना हातानं 'कडक', 'मवाळ' अशी लेबलं लावत बसावं लागेल का?

ट्रेझरीवाला :
लावावीच लागतील. फिनबर्टला कंपन्यांच्या बातम्यांतली वाक्यं गुंतवणूकदाराच्या नजरेनं चांगली-वाईट ठरवून दिलेली आहेत. 'मागणी भक्कम आहे' हे त्याच्या लेखी सकारात्मक. तेच समितीच्या सदस्यानं लिहिलं, की पुढे बहुधा दरकपातीची घाई नको असं येतं, म्हणजे सूर कडक. तुमची मोजपट्टीच वेगळी आहे.

त्याहून महत्त्वाची तारीख. इतिवृत्ताच्या मथळ्यावर बैठकीच्या तारखा असतात, पण कायद्यानं ते प्रसिद्ध होतं बैठकीनंतर चौदाव्या दिवशी. बैठकीची तारीख धरून यील्ड जोडलंत, तर बाजारानं तोवर न वाचलेल्या मजकुराला तुम्ही श्रेय द्याल. बैठकीच्या दिवशी यील्ड हलवतो तो रेपोचा (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं अल्पमुदतीचं कर्ज देते त्याचा) निर्णय आणि गव्हर्नरांचं निवेदन. मी बँकेच्या ट्रेझरीत (रोख्यांचे व्यवहार करणाऱ्या विभागात) बरीच वर्षं काढली आहेत, इतिवृत्त आलं की आम्ही आधी बाहेरच्या (रिझर्व्ह बँकेत नसलेल्या) सदस्यांची निवेदनं उघडायचो. कोण वेगळं बोलतंय ते तिथे कळायचं. त्यामुळे अख्खं इतिवृत्त एकत्र मोजू नका, सहाही सदस्य वेगळे ठेवा.

एप्रिल २०२२ ची बैठक तर हाताशी ठेवाच. ८ तारखेला रेपो ४ टक्क्यांवरच राहिला, पण भाषा पालटली होती. इतिवृत्त २२ ला आलं आणि ४ मे रोजी, वेळापत्रकात नसलेल्या बैठकीत, रेपो एकदम ४.४० वर गेला. त्या एप्रिलच्या निवेदनांतला पालट तुमच्या मॉडेलला दिसत नसेल, तर बाकीची अचूकता कितीही येवो, माझा त्यावर विश्वास बसणार नाही.

अश्विनी_वाणिज्य :
सर, खूप आभार, प्रसिद्धीच्या तारखांचा वेगळा रकाना आजच करते. पण वर्षाला साधारण सहाच बैठका. एवढ्याशा मजकुरावर मॉडेल शिकेल का?

नागपूरकर_सांख्यिकी :
वाक्यागणिक गेलात तर लेबलांपुरता मजकूर पुरतो. पण वाक्यं पिसून शिकवणी आणि चाचणीत वाटू नका. एकाच बैठकीतली सख्खी वाक्यं दोन्हीकडे जातात आणि आकडे उगाच फुगतात. २०२१ पर्यंतचं शिकवायला, पुढचं तपासायला. चॅटजीपीटीसारख्या मॉडेलकडून सूर ठरवून घेणार असाल तर आणखी जपा, २०२२ मध्ये पुढे काय झालं ते त्यानं वाचलेलं असतं. यील्डशी जोडताना मात्र निरीक्षणं बैठकांएवढीच, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. लेबलं दोघांनी एकमेकांना न दाखवता लावा, कोहेनचा कॅपा (योगायोग वगळून दोघांची लेबलं किती जुळतात त्याचा आकडा) काढा, आणि दोघांतला एक तरी अर्थशास्त्राचा असू द्या.