मदत हवी आहे: डिस्क माउंट व्हायच्या आधीच डॉकर उठतो

नमस्कार मंडळी,

जुन्या लॅपटॉपवर डेबियन 12 (लिनक्स) टाकून घरचा सर्व्हर केलाय. नेक्स्टक्लाउड (फाइल ठेवायला घरचं क्लाउड) आणि पाय-होल (घरातल्या नेटसाठी वेबसाइटचे पत्ते शोधून देणारा, जाहिराती अडवणारा डीएनएस), दोन्ही डॉकरमध्ये, म्हणजे आपापल्या वेगळ्या कंटेनरमध्ये. नेक्स्टक्लाउडचा डेटा बाहेरच्या यूएसबी डिस्कवर. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची, म्हणजे जोडायची, त्याची यादी) डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) दिलाय आणि सोबत 'नोफेल', म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडकू नये.

आता रीबूट केलं की डिस्क डोळे चोळत उठते, तोवर कंटेनर सुरूही झालेले असतात. नेक्स्टक्लाउडला रिकामं फोल्डर दिसतं आणि ते डेटा फोल्डर चुकीचं आहे म्हणून रडतं. गंमत म्हणजे मागाहून डिस्क माउंट झाली तरी कंटेनरला आतून रिकामंच दिसत राहतं. तो हाताने रीस्टार्ट केला की सगळं सुरळीत.

डॉकरच्या सिस्टिमडी युनिटमध्ये (सेवा कधी, कशी सुरू करायची ते सांगणारी फाइल) 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' (डिस्क माउंट झाल्याशिवाय सुरू होऊ नको) घालावं असं वाचलं. पण मग एखाद्या दिवशी डिस्क मेली तर डॉकरच सुरू होणार नाही, पाय-होलही गेलं आणि घरातल्या सगळ्यांचं नेट बंद. शिव्या मलाच!

फक्त नेक्स्टक्लाउडलाच डिस्कची वाट पाहायला लावता येईल का? त्याच्या कंपोज फाइलसाठी (कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेली फाइल) वेगळं युनिट लिहून रीस्टार्ट पॉलिसी (डॉकरने कंटेनर आपोआप उठवायचा नियम) काढून टाकायची, असं डोक्यात आहे. कुणी केलंय का असं?