युद्धानं शोध लागतात, की नुसती ऑर्डर निघते?

उद्यमनगरचा लेथवाला:
ऑपरेशन सिंदूरपासून आमच्या चहाच्या गाड्यावर ड्रोनचा विषय संपत नाही. काल शेजारच्या वर्कशॉपमधली तरणी पोरं म्हणाली, "लढाई झाली की देश पुढं जातो, सगळे शोध युद्धातच लागलेत." मला हे अजिबात पटत नाही.

रणगाडा घ्या. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत तो पहिल्यांदा उतरला. साखळीपट्ट्यावर चालायची कल्पना कुठली? बेंजामिन होल्टनं १९०४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या भुसभुशीत रानात यंत्र रुतू नये म्हणून पट्टे लावले होते. रणगाड्यानं ज्या काटेरी तारा तुडवल्या, त्यांचं पेटंट १८७४ चं, गुरं अडवण्यासाठी घेतलेलं. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या यीप्रला शत्रूवर सोडलेला क्लोरीन वायू जर्मनीच्या रंगांच्या कारखानदारीतला. शेतीतलं, गोठ्यातलं, रंगाच्या हौदातलं. युद्धानं तयार माल उचलला.

शिरोली_फौंड्री:
काका, माल तयार होता हे मान्य, पण तो कामाचा कुणी केला? पेनिसिलीन फ्लेमिंगना १९२८ ला सापडलं आणि दहा-बारा वर्षं तसंच पडून राहिलं. महायुद्ध पेटल्यावर ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन या शास्त्रज्ञांच्या मंडळींनी मिळेल त्या भांड्यात बुरशी वाढवली, मग अमेरिकेत मोठमोठ्या टाक्या लागल्या आणि १९४४ ला नॉर्मंडीत उतरलेल्या जखमींपर्यंत औषध पोचलं.

आमच्याकडं पण पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, वर्षभर मांडणीवर धूळ खात असतो. ऑर्डर आली, तारीख पडली, की आठवड्यात चौदा दुरुस्त्या होतात आणि मग कुठं पहिलं बिनछिद्राचं कास्टिंग निघतं. माझ्या मते त्या चौदा दुरुस्त्या म्हणजेच शोध. युक्रेनमध्ये बघा, ड्रोनचे सिग्नल जाम व्हायला लागले तर मागं किलोमीटरच्या किलोमीटर ऑप्टिकल फायबर सोडत जाणारे ड्रोन आले. शांततेत याला किती वर्षं लागली असती?

उद्यमनगरचा लेथवाला:
ती फायबर टेलिफोनसाठीच काढलेली, भावा.

पन्हाळ्याची_वाट:
नुसत्या निकडीनं शोध लागत असते, तर आपल्याला ढिगानं लागायला हवे होते. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर गोळे टाकायला राजापूरचे इंग्रज आले, ते स्वतःच्या तोफा घेऊन. शंभर वर्षांनी पानिपतावर आपली भिस्त फ्रेंचांकडं शिकलेल्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यावर. पुढं महादजी शिंद्यांनी कवायती पलटणी उभ्या केल्या, त्या द बॉयन्य या युरोपी सेनानीच्या हाताखाली. दीड शतक तलवार म्यानात गेली नाही, तरी बंदुकीची नवी घडण आपल्या भट्टीतून निघाली नाही. मला याचं फार वाईट वाटतं. आपल्याकडं शौर्य होतं, धातूचं शास्त्र शिकवणारी शाळा नव्हती.

शिरोली_फौंड्री:
मग म्हैसूरचं काय? बाण, म्हणजे दारूवर उडणारी रॉकेटं, मराठ्यांकडंही होते. पण हैदर-टिपूंनी दारू लोखंडी नळीत ठासली आणि पल्ला वाढवला. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर ते बाण इंग्लंडला गेले आणि काँग्रीव्ह या इंग्रजानं त्यावरून स्वतःची रॉकेटं बनवली. तिथं इंग्रज उरावर बसले नसते तर हे झालं असतं का?

पन्हाळ्याची_वाट:
नळी ठोकणारे लोहार आधीपासून होते, म्हणून झालं.

टाकळीचा_फौजी:
मी शिरोळ तालुक्यातला. आमच्या सैनिक टाकळीत घरोघरी फौजी. शोधाचं श्रेय कुणाचं यावर तुमचं चाललंय, मला वेगळं बोचतं. १९६२ ला चीनसमोर आपले जवान थ्री नॉट थ्री रायफल घेऊन उभे होते. दर गोळीला बोल्ट मागं ओढायचा, तोही बर्फात. पुढची गोळी आपोआप भरणारी एसएलआर रायफल हातात आली ती त्यानंतर. म्हणजे युद्धानं बंदूक बदलली, हे शिरोलीकरांचं खरं. पण बदललेली बंदूक ज्यांना मिळायला हवी होती, ते परत आलेच नाहीत. हे "देश पुढं जातो" मध्ये कुठं बसवायचं?

शिरोली_फौंड्री:
याला माझ्याकडं उत्तर नाही. निकडीनं वेग येतो हे माझं मत कायम आहे, पण पोरांचं वाक्य मी यापुढं म्हणणार नाही.

उद्यमनगरचा लेथवाला:
शिरोलीकर, त्या चौदा दुरुस्त्या कुणी वहीत उतरवून ठेवल्यात का? ठेवल्या असतील तर रविवारी गाड्यावर घेऊन या. पुढच्या जॉबला तारीख पडायच्या आधीच त्यातल्या किती करता येतात, ते दोघं बसून बघू.