एलसी३ प्रथिनाची पट्टी गडद आली, म्हणजे ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचाच कचरा पिशव्यांत भरून पचवणं) वाढली का?

प्रश्न: उंदराच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या पेशींना) औषध दिलं. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) एलसी३-२, म्हणजे पिशव्यांच्या आवरणाला चिकटलेलं एलसी३, ठसठशीत दिसतंय. गाईड खूश, मला मात्र धाकधूक.

उत्तर १: धाकधूक रास्त आहे. पिशव्या जास्त बनल्या तरी एलसी३-२ वाढतं आणि लायसोसोममधला (पेशीच्या पचनकोशातला) निचरा तुंबला तरीही. बॅफिलोमायसिनचे (हा निचरा मुद्दाम रोखणारं रसायन) नमुने शेजारीच चालव. नुसत्या बॅफिलोमायसिनपेक्षा औषधासकटची पट्टी गडद आली, तर निर्मिती खरंच वाढलीय. एकट्या पी६२वर (ऑटोफॅजीत स्वतःही पचणारं प्रथिन) विसंबू नकोस. एलपीएसने (जिवाणूंच्या आवरणातला घटक) त्याचं जनुकच जोरात चालतं.

उत्तर २: मॅक्रोफेज आहेत, त्यामुळे आणखी एक भानगड. गिळलेल्या जंतूभोवतीच्या एकपदरी आवरणालाही एलसी३ चिकटतं. त्या चिकटण्याला एफआयपी२०० हे प्रथिन लागत नाही, ऑटोफॅजीला लागतं.

प्रश्नकर्ती: बॅफिलोमायसिन फ्रीझरमध्ये आहे. उद्याच लावते. गाईडना निकालानंतरच सांगेन!