लाडक्या बहिणीच्या खर्चाचा विषय निघाला की माणसं एकमेकांच्या घरावर का जातात?

लेखा_सोलापूर:
जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. रविवारी आम्ही काही जण वाचनालयात बसतो. मी एवढंच विचारलं होतं: जून २०२४ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं सांगितलं गेलं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद ३६ हजार कोटींची. मधले दहा हजार कोटी गेले कुठे? नावं वगळणार, की पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मध्येच जादा निधी म्हणून, पुन्हा मागणार? त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट (महसुली जमेपेक्षा महसुली खर्च जितका जास्त तेवढी) ४५,८९१ कोटी दाखवली आहे, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

एक मित्र म्हणाला, "तुम्हाला घरबसल्या पेन्शन येते, गरिबाच्या दीड हजारावर डोळा कशाला?" दुसऱ्याने त्याला चमचा म्हटलं आणि त्याच्या बायकोचा हप्ता चारचौघांत काढला. तो उठून गेला. दहा हजार कोटींबद्दल पुढे कोणी अवाक्षर काढलं नाही. फार वाईट वाटलं. अशा वेळी काय करावं?

कऱ्हाडची_शिलाई:
काका, मी लाभार्थी आहे. "फुकट्या" हा शब्द कानावर पडला की मी तिथून उठते, पुढचे आकडे कोण ऐकणार? घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, म्हणून रीतसर अर्ज केला. हप्ता आला की आधी मुलाच्या क्लासची फी भरते. खरं तर तुमचा प्रश्न माझाच आहे. नावं वगळली तर त्यात माझंही असू शकतं. ज्या बाईला उत्तर सगळ्यात आधी हवंय तिलाच शिव्या देऊन घालवलं, तर विचारणार कोण?

बार्शीकर:
टोमणा वाईटच. पण पेन्शनचा मुद्दा सोडू नका. राज्याच्या महसुली जमेतला निम्म्याहून जास्त पैसा पगार, निवृत्तिवेतन आणि व्याजात जातो, म्हणजे तूट एकट्या लाडक्या बहिणीची नाही. मित्राच्या बोलण्यातलं "तुम्हाला" तेवढं बाजूला ठेवा आणि उरलेल्या प्रश्नाला उत्तर द्या. बायकोचा विषय मात्र तिथल्या तिथे थांबवायला हवा होता. त्यात मुद्दा कुठलाच नव्हता, नुसता अपमान होता.

लेखा_सोलापूर:
पटलं. निवृत्तिवेतनावरचा खर्च मीच अर्थसंकल्पातून काढून आणतो, आधीची तरतूद आणि नंतरचा सुधारित अंदाज दोन्ही. त्याआधी त्या मित्राच्या घरी जाईन. ज्याने बायकोचा विषय काढला त्यालाही चल म्हणणार आहे. ताई, तुमच्याकडे ज्यांचे हप्ते थांबले असतील त्यांना कारण लेखी मिळालंय का? तेवढं कळवा.