अनुभव धागा: हिवाळ्यात फर्नेस बंद पडली तेव्हा

अमेरिकेत किंवा कॅनडात राहायला येईपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांनी घर तापवणारे यंत्र, म्हणजे फर्नेस, पाहिलेलेही नसते. मिक्सर का बंद पडला असेल, गीझर का तापत नसेल, याचा अंदाज आपल्याला चटकन येतो. तळघरातल्या त्या राखाडी पत्र्याच्या कपाटाकडे मात्र पहिले काही हिवाळे आपण ढुंकूनही पाहत नाही. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या फर्नेसचे आपापले अनुभव इथे लिहावेत, ही विनंती. काय बिघडले, आपण स्वतः काय तपासले आणि कुठे थांबून जाणकाराला बोलावले, हे तिन्ही आवर्जून लिहावे.

सुरुवात मीच करतो. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ३१ सेल्सियस, इतके तापमान नोंदले गेले. त्याच पहाटे आमची फर्नेस तीनदा पेटली, तीनदा विझली आणि मग गप्प झाली. तंत्रज्ञ दोन दिवसांनंतर येऊ शकणार होता आणि घरातले तापमान ५४ अंश फॅरनहाइटवर उतरले होते. मी विजेचे बटण बंद करून पुन्हा चालू केले आणि झरोक्यासमोर मांडी घालून बसलो. आधी धूर बाहेर ओढणाऱ्या छोट्या पंख्याची घरघर सुरू झाली, मग धूर नीट ओढला जातो आहे हे ओळखणाऱ्या प्रेशर स्विचचा टक् असा आवाज आला, वायू पेटवणारा इग्नायटर हळूहळू नारिंगी झाला, वायूची झडप उघडली आणि निळ्या ज्योतींची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेली. चार-पाच सेकंदांत सगळे विझले. म्हणजे पेटण्यापर्यंतचे सर्व भाग ठीक होते आणि बिघाड पेटल्यानंतरच्या पायरीवर होता.

तिथे फ्लेम सेन्सर असतो, म्हणजे ज्योतीत बुडालेली एक बारीक धातूची कांडी. ज्योतीतून जेमतेम काही मायक्रोअँपियर प्रवाह वाहतो आणि त्यावरून फर्नेस चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डाला ज्योत पेटल्याचे कळते. कांडीवर थर बसला, की प्रवाह क्षीण होतो, ज्योत नाहीच असे समजून बोर्ड वायू तोडतो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच असते. वीज आणि वायू दोन्ही बंद करून मी पाव इंची स्क्रू काढला. पत्नीने बॅटरीचा प्रकाश धरला. कांडी राखाडी, खडबडीत लागत होती. ती अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासली, कोरड्या फडक्याने पुसली आणि परत बसवली. त्या दिवसापासून दर ऑक्टोबरमध्ये हे दहा मिनिटांचे काम मी न चुकता करतो.

एडिसन, न्यू जर्सी

आमच्याकडचा दोष यंत्राचा नव्हता, आमच्या काटकसरीचा होता. आई सहा महिन्यांसाठी नाशिकहून आली होती. रिकाम्या खोल्या उगाच कशाला तापवायच्या, या विचाराने तिने वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांतल्या, गरम हवा येणाऱ्या जाळ्या बंद केल्या, आणि गरम हवेच्या झोतापाशी इडलीचे पीठ छान फुगते म्हणून उरलेल्या एका जाळीवर पातेले ठेवले. त्यातच मी फिल्टर चार महिने बदलला नव्हता. फर्नेस काही मिनिटे चालायची, मग ज्योत विझून नुसता ब्लोअर, म्हणजे घरभर हवा ढकलणारा पंखा, फिरत राहायचा. हवा पुरेशी खेळत नसली, की आतला भाग फार तापतो आणि लिमिट स्विच वायू तोडतो, हे तंत्रज्ञाने समजावून सांगितले आणि १२९ डॉलर घेतले.

फिल्टर बाहेर काढला तेव्हा तो काळपट झाला होता. देवघर परतीच्या हवेच्या जाळीसमोरच आहे, त्यामुळे समई आणि उदबत्तीची काजळी थेट त्यात जात होती. आता एक इंची फिल्टर दर दोन महिन्यांनी बदलतो आणि त्यावरचा बाण फर्नेसकडे आहे ना, हे पाहून घेतो. फार दाट विणीचा महागडा फिल्टर घ्यायचा मोह मात्र सोडला, कारण धूळ जास्त अडवताना तो हवाही जास्त अडवतो. आईने पीठ ओव्हनमध्ये, नुसता दिवा लावून ठेवायला सुरुवात केली.

मिसिसागा, ओंटारियो

आमची फर्नेस नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेची आहे. अशा फर्नेसला धुराडे नसते. हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर येतात. हिमवादळाच्या रात्री फर्नेस बंद पडली आणि बोर्डावरचा दिवा ठरावीक अंतराने लुकलुकू लागला. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात पाहिले, तर त्या संकेताचा अर्थ प्रेशर स्विचचा जोड जुळत नाही, असा होता. बाहेर जाऊन पाहतो, तर दोन्ही पाइप कमरेइतक्या बर्फात गाडलेले. फावड्याने जागा मोकळी केली आणि फर्नेस पहिल्या प्रयत्नात सुरू झाली. पुढच्या वर्षी तोच संकेत आला तेव्हा पाइप मोकळे होते, पण आतून हुक्क्यासारखा गुळगुळ आवाज येत होता. या फर्नेसमध्ये धुरातल्या वाफेचे पाणी होते, ते वाहून नेणारी नळी शेवाळासारख्या गाळाने तुंबली होती. नळी मी धुतली. वायूच्या जोडणीला हात लावला नाही, कारण इथे ते काम परवानाधारकाचेच आहे.

कोलंबस, ओहायो

माझा अनुभव लिहायला थोडा संकोच वाटतो. तळघराच्या जिन्यात दिव्याच्या बटणासारखेच एक बटण आहे. ते फर्नेसचे आहे, हे मला सात वर्षांनी कळले, आणि तेही मुलाने ते बंद केल्यामुळे, तंत्रज्ञाच्या तोंडून. आता त्यावर लाल चिकटपट्टी आहे.

डॅलस, टेक्सास

फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्याकडे वायू होता, वीज नव्हती. फर्नेस वायूवर चालत असली, तरी बोर्ड, झडप आणि ब्लोअर विजेवर चालतात, ही गोष्ट तोवर कधी डोक्यातच आली नव्हती. काडी ओढून शेगडी पेटत होती, त्यामुळे चहा होत होता, पण घर तापत नव्हते. शेगड्या तशाच पेटत्या ठेवून घर तापवावे, असे मनात आले होते. कार्बन मोनॉक्साइडच्या भीतीने तसे केले नाही आणि सगळे एकाच खोलीत रजया घेऊन झोपलो.

मिनियापोलिस, मिनेसोटा

डिसेंबरमध्ये चार आठवडे पुण्याला गेलो होतो. तापमान पाहून फर्नेस चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवला, शेजाऱ्यांकडे किल्ली दिली, सगळे नीट केले असे वाटले. थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या तेवढ्या बदलल्या नव्हत्या. त्या संपल्या, फर्नेसला हाक द्यायला कोणी उरले नाही, आणि सिंकखालचा पाइप गोठून फुटला. शेजाऱ्यांना भिंतीतून पाण्याचा आवाज आला म्हणून नुकसान स्वयंपाकघरापुरते राहिले. आता निघण्यापूर्वी नव्या बॅटऱ्या घालतो आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करतो.

ॲन आर्बर, मिशिगन

दोन आठवडे आम्हा दोघांचे संध्याकाळी डोके दुखत होते आणि ऑफिसात गेले, की बरे वाटत होते. ज्योती पिवळसर दिसतात हे मी पाहिले होते, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता. एका रात्री दोन वाजता कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. या वायूला वास नसतो, त्यामुळे प्रथम अलार्मच बिघडला असे वाटले. तरीही मुलीला उचलून, चपला घालून बाहेर आलो आणि गाडीत बसून ९११ ला फोन केला. अग्निशमन दलाने मोजमाप करून वायू बंद केला. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाने हीट एक्स्चेंजरला, म्हणजे धूर आणि घरातली हवा वेगळी ठेवणाऱ्या भागाला, गेलेला तडा कॅमेऱ्यात दाखवला आणि फर्नेसला, ती वापरू नये अशी, लाल चिठ्ठी लावली. नवीन फर्नेस बसायला चार दिवस लागले. तोवर एका मराठी कुटुंबाने आम्हाला घरी ठेवून घेतले.

त्यांच्याकडे गेल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या अलार्मची मागची बाजू पाहिली. त्यावरची मुदत तीन वर्षांपूर्वी संपलेली होती.