बडोद्याची सीएफडी उन्हाळी शाळा: अभ्यासक्रम, लॅब आणि पैसे

प्रेषक: शिक्षण समिती, ह्यूस्टन
प्रति: मंडळाची यादी

सर्वांना सप्रेम नमस्कार,

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बडोद्याला एम.टेक. आणि पीएच.डी.च्या ४० विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांची सीएफडीची, म्हणजे द्रव-वायूंचे प्रवाह संगणकावर सोडवण्याची, शाळा घ्यायची आहे. विषय बडोद्याला शोभणारा आहे. रिफायनरी, खत, रसायनं, ट्रान्सफॉर्मर हे सगळे उद्योग तिथे हाकेच्या अंतरावर आहेत. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल कसं फिरतं, ढवळटाकीत द्रव कुठे साचून राहतो, असे प्रश्न मुलांकडे आधीपासूनच असतात.

यादीवर फिरणाऱ्या आराखड्यात रोज चार व्याख्यानं आहेत. तो मला अजिबात पटत नाही. प्रवाहाची नेव्हिअर-स्टोक्स समीकरणं मुलांनी एम.टेक.च्या पहिल्या वर्षाला पाहिलेली असतात. त्यांना येत नाही ते आलेल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा हे. म्हणून सकाळी दोन तास व्याख्यान आणि दुपारी चार तास लॅब, असं ठेवावं.

पहिले दोन दिवस एकच उदाहरण घ्यावं: वरचं झाकण सरकणारी चौकोनी पोकळी. ओपनफोम या सीएफडी सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या या केसमध्ये (तयार उदाहरणात) चौकोनाची बाजू ०.१ मीटर, झाकणाचा वेग सेकंदाला १ मीटर, मेश (जागेचे पाडलेले तुकडे, म्हणजे सेल) २० × २० आणि टाइमस्टेप (गणितातलं वेळेचं एक पाऊल) ०.००५ सेकंद असते. एका सेलची रुंदीही ०.००५ मीटर, म्हणजे कूरां नंबर (एका टाइमस्टेपमध्ये प्रवाह किती सेल पुढे जातो तो आकडा) बरोबर १. मग मुलांना मेश ८० × ८० करायला सांगायची आणि टाइमस्टेप तशीच ठेवायची. कूरां नंबर ४ होतो. लॉगमध्ये तो प्रत्येक स्टेपला छापून येतो, पण कोणी वाचत नाही. ही केस सोडवणाऱ्या आयकोफोम या प्रोग्रॅमच्या पिसो पद्धतीत तो १ च्या वर गेला की काळाची अचूकता ढासळते आणि पुढे सोल्यूशन फुटूही शकतं. मेश चौपट बारीक केली तर टाइमस्टेपही चौपट लहान हवी, हे इथे हाताला कळतं.

दुसऱ्या दिवशी व्हिस्कॉसिटी ०.०१ वरून ०.००१ करायची. रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले बाजू भागिले व्हिस्कॉसिटी) १० वरून १०० होतो आणि याच पोकळीची उत्तरं देणाऱ्या घिया, घिया व शिन यांच्या १९८२ च्या तक्त्याशी ताडून पाहता येतं. त्यांची ग्रिड १२९ × १२९ होती. उभ्या मध्यरेषेवर आडव्या वेगाचा सर्वांत ऋण आकडा −०.२१०९ येतो, तळापासून ०.४५३१ उंचीवर; वेग झाकणाच्या वेगाच्या आणि उंची बाजूच्या पटीत. २० × २० वर तो कमी भरतो, मेश बारीक केली की जवळ सरकतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मूळ केसची शेवटची वेळ, ०.५ सेकंद, तशीच ठेवणं. प्रवाह तोवर स्थिरावलेला नसतो आणि पोरं दोष मेशला देतात. किमान २ सेकंदांपर्यंत चालवावं आणि शेवटच्या दोन वेळांचे वेग एकमेकांशी ताडून घ्यावेत.

टर्ब्युलन्सला (खळबळत्या प्रवाहाला) तीन दिवस हवेत. त्यात वाय-प्लसवर (भिंतीपासूनचं एककरहित अंतर) अर्धा दिवस द्यावाच लागेल. वॉल फंक्शन (भिंतीजवळच्या प्रवाहासाठी तयार सूत्र) वापरायचं तर पहिल्या सेलचं केंद्र वाय-प्लस ३० च्या पुढे हवं. भिंतीपर्यंत प्रवाह सोडवायचा तर १ च्या आसपास. विद्यार्थ्यांच्या मेशमध्ये ते बहुधा १० च्या घरात असतं, म्हणजे ना इकडचं ना तिकडचं. चित्र मात्र सुरेख दिसतं आणि तेच प्रबंधात जातं.

कळावे.

———

प्रेषक: स्थानिक समन्वय, दांडिया बाजार, बडोदे

दादा, सादर नमस्कार.

अभ्यासक्रम पसंत आहे. आता इथल्या लॅबचं सांगते, कारण पहिला दिवस तिथेच वाया जायची भीती असते.

सॉफ्टवेअर पहिल्या सकाळी उतरवू द्यायचं नाही. सगळं मिळून ३ जीबी धरलं तर ४० जणांचे १२० जीबी होतात. १०० एमबीपीएसची लाइन सगळ्यांत वाटली गेली तर २ तास ४० मिनिटं जातात, तीही लाइन पूर्ण वेगाने चालली तर. त्यापेक्षा लॅबमध्येच एका मशीनवर सगळ्या फाइली ठेवून गिगाबिट स्विचवरून द्याव्यात. वीस मिनिटांत काम होतं. शिवाय पाच पेनड्राइव्ह तयार हवेत.

मुलं स्वतःचे लॅपटॉप आणणार असतील तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का, हे घरूनच बघून यायला सांगा. ते बंद असेल तर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) चालत नाही. लॅबच्या मशीनना बायोसचा पासवर्ड असतो आणि तो एकाच माणसाकडे असतो. तो माणूस जूनमध्ये रजेवर जातो. मे महिन्यातच सगळ्या मशीन उघडून घेते. डब्ल्यूएसएलमध्ये केस लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवायची. विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवली तर फाइल लिहिणं फार रखडतं.

ओपनफोमच्या दोन शाखा आहेत, एक ओपनफोम फाउंडेशनची आणि एक ईएसआय नावाने ओळखली जाणारी, आणि दोघींच्या कमांड आता सारख्या राहिलेल्या नाहीत. फाउंडेशनच्या ११ व्या आवृत्तीपासून सिंपलफोम, पिसोफोमसारखे सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारे प्रोग्रॅम) फोमरन या एकाच कमांडखाली गेले. नोट्स एका शाखेच्या आणि इन्स्टॉल दुसरीचं झालं की "कमांड नॉट फाउंड" ठरलेलं. तुमच्या नोट्स कोणत्या शाखेच्या आणि कोणत्या आवृत्तीच्या, ते या आठवड्यात कळवा. आयत्या वेळी बदलू नका.

उकाडा. ४० मशीन प्रत्येकी १५० वॉट म्हणजे ६ किलोवॉट, ४५ माणसं प्रत्येकी १०० वॉट म्हणजे ४.५. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता ओढतो, म्हणजे नुसत्या माणसा-मशीनलाच ३ टन लागतात. वर तापलेलं छत आणि पश्चिमेच्या खिडक्या. दीड टनाचे चार एसी चालू स्थितीत हवेत, तीनवर दुपारी भागणार नाही. दुपारच्या लॅबला पाऊस येईपर्यंत दुसरा इलाज नाही.

वीज गेली तर यूपीएसवर दहा मिनिटं मिळतात. रन वाचण्याइतका वेळ तो आहे, पण त्यासाठी डेटा मधूनमधून लिहिला गेलेला हवा. याची उलट बाजू अशी की राइटइंटरव्हल (किती स्टेपनंतर डेटा लिहायचा) १ ठेवला तर डिस्क भरते. पर्जराइट ३ (शेवटच्या तीनच वेळांचा डेटा ठेवणं) आणि बायनरी फॉरमॅट, हे सगळ्यांच्या केसमध्ये आधीच घालून द्या.

नाश्त्याला एक दिवस शेवउसळ ठेवतेय, बाहेरगावच्या मुलांना बडोद्याची चव कळायला हवी.

———

प्रेषक: खजिनदार

नमस्कार मंडळी,

दोन जणांनी सुचवलंय की पैसे बडोद्यातल्या ओळखीच्या ट्रस्टमध्ये टाकू आणि तो पुढे शाळा भरवणाऱ्या विभागाला देईल. कृपया असं करू नका. आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं आहे, म्हणजे २०१० च्या एफसीआरए (विदेशी देणगी नियमन) कायद्याप्रमाणे विदेशी स्रोत. घेणाऱ्या संस्थेकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला देणं पूर्ण बंद झालंय. अडचणीत येईल तो बडोद्याचा ट्रस्ट, आपण नाही. म्हणून तर जास्त जपायला हवं.

भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी यात मोडत नाही. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारक मात्र विदेशी नागरिकच धरला जातो. देणगीदारांच्या यादीत पासपोर्टचा रकाना घालतोय, राग मानू नये. व्याख्यात्यांची विमानाची तिकिटं मंडळाने इथूनच काढावीत. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्टही नाही आणि ओसीआयही नाही, त्यांनी टुरिस्ट व्हिसावर शिकवायला येऊ नये. यजमान विभागाच्या निमंत्रणपत्रावर योग्य व्हिसा मागावा. हे पत्र मार्चपर्यंत हातात हवं.

———

प्रेषक: शिक्षण समिती, ह्यूस्टन

ताई, ईएसआयची शाखा घेऊ. आवृत्ती डिसेंबरची, जूनमध्ये नवी येईल तिला हात लावायचा नाही.

निवडीबद्दल राहिलंच होतं. नुसत्या गुणांवर घेऊ नये. अर्जाबरोबर दोन गोष्टी मागवा. एक, स्वतःच्या प्रश्नाचं एक पान: आकृती, सगळ्या बाजूंच्या बाउंडरी कंडिशन (कडांवरच्या अटी) आणि ताडून पाहायला कोणता प्रयोगाचा डेटा हाताशी आहे ते. दोन, एकमितीय उष्णतेचं समीकरण एक्सप्लिसिट पद्धतीने (पुढच्या वेळेचं उत्तर थेट आधीच्या वेळेवरून काढून) कुठल्याही भाषेत सोडवायचं आणि डिफ्युझिव्हिटी गुणिले टाइमस्टेप भागिले सेलरुंदीचा वर्ग हा आकडा ०.५ च्या वर गेला की उत्तर कसं उसळतं, त्याचा आलेख जोडायचा. तीस ओळींचा प्रोग्रॅम आहे. जो हे करेल तो लॅबमध्ये अडणार नाही, मग त्याचं कॉलेज कोणतंही असो.

दहा मुलांमागे एक सहायक, म्हणजे चार. ते बडोद्याचेच पीएच.डी.वाले घ्या, आणि शाळेच्या आधी दोन दिवस सगळ्या केस त्यांच्याकडून त्याच मशीनवर चालवून घ्या. पॅरलल रन (एकाच केसचं काम अनेक कोअरवर वाटून चालवणं) दाखवताना ४०० सेलची पोकळी घेऊ नका. चार कोअरवर ती एका कोअरपेक्षाही हळू चालते, कारण गणितापेक्षा कोअरमधल्या निरोपांची देवाणघेवाणच जास्त होते. दहा लाख सेलची केस घ्या, तिला १ ते २ जीबी मेमरी लागेल. आठ कोअरच्या मशीनवर चारनंतर वेग फारसा वाढत नाही, मेमरीची वाट तुंबते. तोही आलेख मुलांकडूनच काढून घ्यायचा.

शेवटचे तीन दिवस ज्याचा त्याचा प्रश्न. प्रत्येकाने तीन मेशवरचं उत्तर एका तक्त्यात मांडायचं. रंगीत चित्र त्यानंतरच. अर्जाचा मसुदा रविवारपर्यंत पाठवतो, गुजरातीत भाषांतर लागेल का ते सांगा.